उलटा नट

चादरीत गुंडाळून आणली तिनं.
दोन मोरांची चादर, एका मोराचं डोकं विडीच्या ठिणगीनं गेलेलं.
दुपारी तीनला मंगळवार बाजारात
उन्हालासुद्धा गिऱ्हाईक नसतं.
'भावाची हाय. फॉरेनची. नाव बघा की ओ वर.'

नाव मी शेवटी बघतो.
नाव काय, कुणीही चिकटवतं.
आधी उचलून बघतो : साडेचार किलो. जड.
मग डोळा लावून मानेची सरळ रेघ बघतो,
रेल्वे लाईनीत उभं राहून कुर्डुवाडीकडं बघावं तशी.
सरळ होती. एवढ्या उन्हाळ्यांत सरळ राहिली होती.

चार स्क्रू काढले. मान वेगळी झाली.
टाचेवर जांभळा शिक्का, अर्धा पुसलेला, जपानी.
म्हणजे मान खरी.
धड मात्र सागवानी,
भोकं गिरमिटानं पाडलेली, एक चुकून बुजवलेलं,
आणि रंगाखाली रंग, त्याखाली रंग,
सगळ्यात खाली हातमागाच्या लाकडाला लागतं तसलं
काळं तेल.

पिकअप उघडले.
तार केसापेक्षा बारीक, वेढे हातानं घातलेले.
अशोक चौकात मोटारी भरणारा एक म्हातारा
शेवटच्या वेढ्याला अशी तिरपी गाठ मारायचा.
मीटर लावला : एक पाच हजार आठशे ओम,
दुसरा सात हजार,
तिसरा मेलेला.
आत गोणपाट नाही, फोम नाही,
टॉवेलच्या काठाचा कापूस कोंबलेला, अजून पांढरा.

आता नाव बघितलं.
शेवटच्या अक्षराची शेपटी भलतीकडं वळलेली,
नंबरप्लेटी रंगवणाऱ्याचा हात.
'फॉरेनची नाही,' मी म्हणालो.
तिनं मान हलवली, जणू हे तिला
कुणीतरी आधीच सांगून झालं होतं.

मग हिशोब :
मान अडीच हजार, खुंट्या सहाशे, त्यातली एक बदललेली,
चालू पिकअप दोन, आठशे धरा,
धडाचे काय, सागवान आहे म्हणून पाचशे.
बोलता बोलता बोट नटवर गेलं
आणि थांबलं.

जाड तारेची खाच बारीक तारेच्या जागी.
पट्ट्याची खुंटी खालच्या शिंगावर, नंतर ठोकलेली.
आणि बटणांच्या बाजूचा रंग,
जिथं कोपर टेकायचं कारणच नाही,
तिथला रंग पार लाकडापर्यंत गेलेला.

'भाऊ डावखुरा होता का?'

'नाही ओ.'
मग बराच वेळ काही नाही.
समोरच्या बोळात माग चालू होते, खटाक खटाक,
तिनं चादरीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.
'लहानपणी होता.
आईनं हाताला पंचा बांधून ठिवला चार म्हैने.
उजव्या हातानंच जेवायचा. उजव्या हातानंच माग चालवायचा.
सही पण.
घरी कधी वाजवली नाही त्यानं.
ऑर्केस्ट्राला जायचा, आम्ही काय
रात्रीचं जात नव्हतो बघायला.'

धंद्याचं खरं सांगायचं तर
उलट्या गिटारीचं गिऱ्हाईक निम्मं होतं, भावही.
मी ते तोंडापर्यंत आणलं.
'चार हजार चारशे,' म्हणालो.
तिनं पैसे मोजले नाहीत, पोलक्यात ठेवले,
चादर घडी करून काखेत घेतली,
आणि जाताना त्या घासलेल्या जागेवर
तळवा ठेवून बघितला,
ताप बघतात तसा.

पावतीवर कंपनीच्या रकान्यात
मी नेहमी काहीतरी लिहितो.
इथं बराच वेळ पेन धरून बसलो आणि
'वरीलप्रमाणे' लिहिलं, वर काहीच नसताना.

तेव्हापासून तिघं येऊन गेले.
कॉलेजची पोरं. हातात घेतात, अडखळतात,
'उलटी आहे काका' म्हणून भिंतीला टेकवतात.
नट फिरवायला पाच मिनिटं लागतात,
एक पातळ छिन्नी, थेंबभर फेव्हिक्विक.

छिन्नी ड्रॉवरमध्येच आहे.